सोमवारपर्यंत न टिकणारा आनंद

प्रिय मावशी,

माझं माहेर वसईचं. लग्न होऊन गोव्यात, बार्देशात आले त्याला 14 वर्षं झाली. नवरा बोटीवर असतो, आठ-नऊ महिने तिकडे, दोन-तीन महिने घरी. घरात मी, दोन मुलं आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यासारखंच. त्यांचं सगळं मीच करते. मधल्या वेळात घरीच शिवणकाम करते.

दर वर्षी चाळीस दिवसांच्या उपवासात इथे तीन दिवसांची रिट्रीट असते. यंदाही गेले, खूप रडले, हलकं वाटलं. प्रवचनात सांगितलं की रोजच्या प्रत्येक प्रसंगातून देव एक धडा देत असतो, तो शोधा आणि आनंदी राहा. मी वही घातली. अकरा दिवस लिहिलं. मग एका सकाळी सासूबाईंनी पेजेची वाटी ढकलली, सगळी पेज धुतलेल्या चादरीवर. वही उघडून बसले, काय लिहावं ते सुचेना. तेव्हापासून ती कोरीच आहे. रिट्रीटचा आनंद तर सोमवारीच संपला होता.

बायबलात 'सर्वदा आनंद करा' असं आहे. मी आनंदी नाही. म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते का? आणखी एक. इथे प्रार्थना कोकणीतून होते, आता मला ती पाठ आहे, पण मन भरून येतं ते मराठीतच. हे चुकतं का?

रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की मुलं आजीकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात, त्या डावा हात उचलतात. तेवढा वेळ घर शांत असतं. मग परत भांडी, औषधं, झोप. रोज असंच. काही सांगाल?

— एक सून, बार्देश

प्रिय बाय,

आधी ती वही बंद कर. फाडू नकोस, मुलांना गणितं सोडवायला होईल. पण धडे लिहिणं थांबव.

प्रवचन करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि देव रोजच्या जगण्यात भेटतो हे मीही मनापासून मानते. पण 'प्रत्येक प्रसंगातून धडा काढा' या सांगण्यात एक खोट राहून जाते. आपण मग प्रसंगाकडे बघतच नाही, त्यातून काय निघेल तेवढंच बघतो. शहाळं तोंडाला लावायच्या आधीच करवंटीचं काय करायचं ते ठरवत बसावं, तसं होतं. तू अकरा दिवस ते केलंस आणि दमलीस. बाराव्या दिवशी पेज सांडली आणि धडा निघाला नाही, तर तुला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

येशू काय करायचा ते शुभवर्तमानात बघ. त्याच्या दाखल्यांतल्या बायका आठव. एक बाई तीन मापं पिठात खमीर मिसळते. एका बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडल्यावर शेजारणींना हाका मारते. हे त्याला कोणी प्रवचनात सांगितलं नसणार. त्याने ते पाहिलं असणार, नासरेथच्या घरात, आपल्या आईच्या मागेपुढे करताना. लूक सांगतो की त्याने काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्या तीस वर्षांतली एक बारा वर्षांच्या वयातली देवळातली गोष्ट सोडली तर जन्मानंतरच्या काळाबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. देवाच्या पुत्राने आयुष्याचा एवढा मोठा भाग सुतारकामात, जेवणात, झोपेत, सणावारात घालवला आणि त्यातून एकही धडा कुणाला लिहून दिला नाही. तो ते जगला. बोलला नंतर.

आणि खमिराची गोष्ट तर तुला मी सांगायला नको. फेस्ताच्या आदल्या रात्री सान्नांचं, त्या फुगलेल्या इडल्यांचं, पीठ माडाची सूर (ताडी) घालून ठेवतेस तेव्हा दर दहा मिनिटांनी झाकण उघडून फुगलं का बघतेस का?

आता पेजेची वाटी. तिचा धडा काय? माझ्या मते काहीच नाही. एका बाईचा हात तिच्या ताब्यात राहिलेला नाही, तोंडाने सांगता येत नाही, आणि दुसऱ्या बाईने पहाटे उठून धुतलेली चादर खराब झाली. दोघींसाठी ते दुःख आहे. त्याला दुःखच म्हणू या.

पण धडा बाजूला ठेवून नुसतं बघ म्हटलं, तर मला एक वेगळीच गोष्ट दिसते. माझ्या मिस्टरांना असाच झटका आला होता, सव्वा वर्ष मी त्यांचं केलं, म्हणून सांगते. अर्धांगवायूत गिळायचे स्नायूसुद्धा मंद होऊ शकतात. आपल्याला वाटतं आजाऱ्याला पातळ बरं, म्हणून आपण पेज, चहा, सूप देतो. पण पातळ पदार्थ घशातून भराभर उतरतो, मंद झालेला घसा त्याला सावरू शकत नाही, आणि तो श्वासनलिकेकडे जातो. ठसका लागतो, जीव घाबरा होतो, कधी न्यूमोनियापर्यंत जातं. माझे मिस्टर चहाचा कप बघितला की तोंड फिरवायचे. मला वाटायचं हट्ट करतात. त्यांना भीती वाटत होती. हे मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, तोवर मी दीड महिना त्यांच्यावर चिडत होते. तो दीड महिना मला अजून आठवतो.

सासूबाईंचं तसंच असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण डॉक्टरांना विचार. ताठ बसवून, पाठीला उशा लावून, लहान चमच्याने, घाई न करता भरव. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नकोस. पेज थोडी दाट केलेली चालेल का, ते डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला विचारूनच ठरव. आणि वाटी ढकलली तर 'का ढकलली' हे त्यांच्या चेहऱ्यावर शोध. हे बघणं मला धडा लिहिण्यापेक्षा मोठी प्रार्थना वाटते.

दुसरं. तू लिहितेस, उजवी बाजू गेली आणि बोलणंही. उजवी बाजू जाते तेव्हा झटका मेंदूच्या डाव्या भागात आलेला असतो, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. म्हणून शब्द सापडत नाहीत. समज मात्र आपल्याला वाटते त्याहून बरीच शाबूत असू शकते. म्हणजे त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलताना जपायला हवं, एवढं तर खरंच. आणि एक नवल असं की, ज्यांना 'पाणी' हा शब्दसुद्धा सापडत नाही, त्यांना लहानपणी पाठ केलेली गाणी, मोजणी, प्रार्थना कधी कधी अख्ख्या म्हणता येतात. या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने मुरलेल्या असतात.

आमच्या घरी हे कसं कळलं ते सांगते. झटक्यानंतर चौथा महिना चालला होता. मिस्टरांच्या तोंडून 'आं' खेरीज काही निघत नव्हतं, माझं नावसुद्धा नाही. एका दुपारी मी त्यांना मऊ केलेला भात भरवत होते. अंगात कणकण होती, डोकं ठणकत होतं, आणि वेळ जावा म्हणून मी 'आमच्या बापा' पुटपुटत होते. ते म्हापशाचे, मी सावंतवाडीची. घरात प्रार्थना त्यांच्या कोकणीतूनच व्हायची. 'आमचो दिसपट्टो' एवढं म्हटलं आणि चमचा निसटला म्हणून मी थांबले. खाली वाकून चमचा उचलत होते तेव्हा वरून आवाज आला, घोगरा, पण अगदी स्वच्छ: 'गिरास'.

मी तशीच खाली बसून राहिले. मग भीत भीत पुढचं म्हटलं, 'आज आमकां', आणि ते म्हणाले, 'दी'.

गिरास म्हणजे घास. आपण मराठीत 'आमची रोजची भाकर' म्हणतो, तू वसईत लहानपणी तेच म्हणत आलीस. भाकर थापायची, भाजायची, चार जणांत वाटायची. कोकणीत त्या जागी घास आला आहे, एका वेळी एका तोंडात जाणारा. मी पस्तीस वर्षं ती प्रार्थना कोकणीतून म्हणत होते आणि हा शब्द मला त्या दिवशी ऐकू आला. हातात चमचा होता आणि समोर ज्याला घास हवा तो माणूस होता.

सोमवारी संपणाऱ्या तुझ्या आनंदाविषयी मला जे म्हणायचं आहे ते याच शब्दात आहे.

बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची गोष्ट आहे. इस्राएलचे लोक रानात भुकेले, आणि पहाटे दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, हिमकणांसारखं पडलेलं त्यांना दिसलं. ते एकमेकांना विचारू लागले, हे काय? त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव मान्ना पडलं. माणशी एक ओमर गोळा करायचं, त्या दिवसापुरतं. काहींनी उद्यासाठी झाकून ठेवलं, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशी तेवढं दुप्पट मिळायचं आणि तेच तेवढं टिकायचं. चाळीस वर्षं हे असं चाललं. कणगी कधी भरली नाही आणि उपाशीही कुणी राहिलं नाही.

तुझ्या दारात पोदेर, म्हणजे पाववाला, येतोच. सायकलवर टोपलं, त्यावर निळं प्लास्टिक, आणि तो भोंगा. पहाटेची गरम पोय (पाव) दुपारपर्यंत बरी लागते, दुसऱ्या दिवशी ती चिवट होते. म्हणून काय तू पोदेराला नावं ठेवतेस, की कालची पोय खोटी होती म्हणतेस? ती कालची होती, एवढंच. रिट्रीटमध्ये तुला जे मिळालं ते खरं होतं. ते त्या तीन दिवसांचं होतं. सोमवारी ते शिळं झालं यात तुझ्या श्रद्धेचा काही दोष नाही. सोमवारचा पोदेर वेगळा यायचा असतो. तो बारीक भोंगा वाजवतो, शिलाई मशीन चालू असलं तर ऐकूही येत नाही.

म्हणून वहीऐवजी एकच गोष्ट कर. दुपारी बाराला इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा होते, आमोरीच्या प्रार्थनेची. तेव्हा मशीनवरचा पाय काढ. मिनिटभरच. सकाळपासून मिळालेली एक गोष्ट, नाव घेऊन, देवाला सांग. 'सगळ्यासाठी आभार' असं नको, तसं म्हणताना मन कुठेच टेकत नाही. 'कापडवाल्याने पैसे वेळेवर दिले', 'आज त्यांनी अर्धी वाटी खाल्ली', 'धाकटी शाळेत न रडता गेली'. काही सापडलं नाही तर 'आज काही सापडत नाही' असं सांग. तीही प्रार्थनाच. लिहायचं नाही, साठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी.

आता 'सर्वदा आनंद करा'. हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि प्रत्येकीने ते स्वतःला टोचून घेतलेलं. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना हे पत्रात लिहिलं ते तुरुंगातून. त्याच चौथ्या अध्यायात, काही ओळी खाली, तो म्हणतो की ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे. 'शिकलो' या शब्दाकडे बघ. तो जन्मतः तसा नव्हता, बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या दिवशी तसा झाला असंही नाही. शिकायला त्याला वर्षं लागली, मार खावा लागला, तारू फुटलं. तू दोन वर्षांत शिकली नाहीस म्हणून कोण तुला नापास करणार?

आणि दुःखी असणं म्हणजे श्रद्धा नसणं, हे कुठून आलं कुणास ठाऊक. अटकेच्या रात्री गेथशेमानीच्या बागेत येशूने आपल्या तोंडाने सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तो रडला. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र उघडून बघ, सुरुवातीपासून गाऱ्हाणं आहे आणि शेवटही काळोखात होतो, दिलाशाची एक ओळसुद्धा शेवटी जोडलेली नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून आहे, आणि शतकानुशतकं लोकांनी ते प्रार्थना म्हणून म्हटलं आहे. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या. त्यानंतर त्यांची पत्रं छापून आली, तेव्हा लोकांना कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देवाची जवळीक जाणवत नव्हती. रोज पहाटे उठत होत्या, आजाऱ्यांचं करत होत्या, आणि आत कोरडं होतं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. तेव्हा वाटी सांडल्यावर तुझ्या तोंडून 'देवा, आता पुरे' निघालं असेल, तर तेसुद्धा देवापाशी पोचतं, बाय. मी तर म्हणेन, तुझ्या अकरा दिवसांच्या वहीपेक्षा ते जास्त खरं होतं.

भाषेबद्दल विचारलंस ते मला फार आवडलं. कारण तुझ्या सगळ्या पत्रात हा एकच प्रश्न तू लाजत विचारला आहेस आणि लाजायचं काहीच कारण नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारले, चाळीस वर्षं इथेच राहिले, बरीचशी गोव्यातल्याच साष्टीत. इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी येशूची कथा लिहिली ती ओव्यांत आणि मराठीत, कोकणीचे शब्द मिसळून. ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. फुलांमध्ये जसा मोगरा तशी भाषांमध्ये मराठी, असं त्या परक्या माणसाने त्यात लिहून ठेवलं आहे. आता सांग, याच मातीत चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीतून सांगितली गेली, आणि तू मराठीत देवाशी बोललीस तर परकी कशी?

माझ्या मिस्टरांच्या त्या दुपारनंतर मला हे पक्कं कळलं की जी प्रार्थना आईच्या मांडीवर आली ती सगळ्यांत खाली मुरते. वरचं सगळं वाहून गेलं तरी ती राहते. तुझ्यासाठी ती मराठी. सासूबाईंसाठी कोकणी. तेव्हा एकटी असशील तेव्हा मराठीत बोल, आणि त्यांच्याजवळ बसशील तेव्हा त्यांच्या भाषेत. 'नमान मारिये, कृपेन' एवढं सावकाश म्हणून थांबून बघ. पुढचं त्यांच्या तोंडून येईलच असं नाही, आणि आलं नाही तर ओढू नकोस. ओठ हलतात का एवढंच बघ. कदाचित तेर्समध्ये त्या हळू म्हणतही असतील आणि मुलांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येत नसेल.

तुझ्या कामाविषयी. मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट सांगून बायकांना गप्प करणं सोपं असतं: बघ, मरिया येशूच्या पायाशी बसली, मार्थेसारखी, तू चुलीपाशी धावतेस. पण ती गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ मेलेला असताना, तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस असा माझा विश्वास आहे, हे येशूला तोंडावर सांगणारी मार्थाच. आणि बाराव्या अध्यायात बेथानीच्या जेवणाला ती परत वाढते आहे, आणि या वेळी तिला कुणी काही बोलत नाही.

काम आवडलंच पाहिजे असंही नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते, लढाईत पायाला दुखापत झालेले. त्यांना मठाचं स्वयंपाकघर दिलं. स्वयंपाकाची त्यांना मुळात नावड होती, आणि तिथे त्यांनी पंधरा वर्षं काढली. तव्यावरचं ऑम्लेट उलटतानाही ते मी देवाच्या प्रेमाखातर उलटतो, असं त्यांचं सांगणं होतं. नावड गेली असं नव्हे. नावड होती तशीच, आणि तरी ऑम्लेट उलटलं.

पुनरुत्थान झालेला येशूसुद्धा तिबेरिया सरोवराच्या किनाऱ्यावर काय करत होता? शिष्यांना रात्रभर जाळं टाकून काहीच मिळालं नव्हतं, पहाटे त्याच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं भरलं, आणि ते किनाऱ्याला लागले तेव्हा त्याने किनाऱ्यावर निखारे पेटवून मासळी भाजायला ठेवली होती, भाकर ठेवली होती. म्हणाला, या, न्याहारी करा. त्या शिष्यांतल्या पेत्राने त्याला अटकेच्या रात्री नाकारलं होतं तेही निखाऱ्यांपाशी शेकतानाच. त्याच पेत्राला आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि 'होय' म्हटल्यावर त्याला काम दिलं ते चारण्याचं, सांभाळण्याचं. मी ही गोष्ट वाचते तेव्हा भाजलेल्या बांगड्याचा वास येतो मला, खरंच.

एवढं सांगून तुला परत त्याच रगाड्यात एकटीने ढकलायचं माझ्या मनात नाही. गेथशेमानीत येशूने मित्रांना विनवलं होतं, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला सोबत मागाविशी वाटली. तूही माग. दोन वर्षं अंथरुणावरच्या माणसाचं करणं हे एका बाईचं काम नाही. आठवड्यातून एक दुपार, तीन तास, कोणीतरी सासूबाईंजवळ बसावं: नणंद असेल तर नणंद, नसेल तर शेजारीण. वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायात उभी राहून सांग, मला मदत हवी आहे. लाज वाटेल. तरी सांग. पाद्रींना सांग की सासूबाईंना घरी कम्युनियन हवं आहे, आजाऱ्यांकडे ते घेऊन येण्याची पद्धत आहेच. नवऱ्याला फक्त 'सगळं ठीक' सांगत असशील तर ते आता पुरे. पेज सांडली तेही सांग. बोटीवर नेटवर्क मिळेल त्या रात्री तेर्सच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायला सांग, आईला मुलाचा आवाज ऐकू दे.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच जीव रमत नसेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर त्याला श्रद्धेची परीक्षा समजून सोसू नकोस. तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 हा नंबर, दिवसरात्र चालू आणि मोफत.

आता तुझ्या पत्रातली ती शेवटाकडची ओळ. तू ती सहज लिहून गेलीस, भांड्यांच्या आणि औषधांच्या आधी. मुलं बेसांव मागतात, त्या डावा हात उचलतात. मी ती चार वेळा वाचली. ज्या बाईला बोलता येत नाही, स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, तिच्याकडे अजून द्यायला काहीतरी आहे, आणि ते ती रोज रात्री देते. दिवसभर ती घेते, घेते, घेते, आणि त्याचं ओझं तिच्यावर किती असेल ते मला मिस्टरांच्या डोळ्यांत दिसायचं. रात्रीची ती दोन मिनिटं ती आजी असते, घरातली मोठी असते.

मुलं मागतात असं तू लिहिलंस. तू मागतेस असं लिहिलेलं नाही.

आज रात्री भांडी तशीच राहू दे. मुलांचं झालं की सासूबाईंच्या डाव्या बाजूला खाली बस, उजवीकडे नको, त्यांचा हात पोचला पाहिजे. डोकं वाकव आणि माग. त्यांना वेळ लागेल, हात थरथरेल, पदरात अडकेल. उठू नकोस.

मग मला पत्र लिही, आणि पेज दाट करण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही कळव.

तुझी,
मावशी